चकमक, टोपी आणि पुन्हा चकमक : अमेरिकेतील रूपांतरित लष्करी बंदुकांच्या संग्रहाचा प्रश्न

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकातील लष्करी शस्त्रांच्या अभ्यासात एका वर्गाची स्वतंत्र दखल घेणे आवश्यक आहे. चकमकीच्या म्हणून घडविलेल्या आणि शतकाच्या मध्यास टोपीच्या करण्यात आलेल्या ठासणीच्या बंदुकांचा हा वर्ग होय. संग्राहकांनी त्यांना दीर्घकाळ दुय्यम मानले. या दृष्टीमुळे इतिहासाच्या साधनांची जी हानी झाली, तिचा विचार प्रस्तुत लेखात अमेरिकेच्या ‘मॉडेल १८१६’ या बंदुकीच्या आधारे केला आहे.

रूपांतराची कारणे व पद्धती

चकमकीच्या बंदुकीत घोड्याच्या जबड्यात गारगोटी धरलेली असे. चाप ओढताच ती समोरच्या पोलादी पट्टीवर घासून ठिणग्या पाडी. ठिणग्यांनी वाटीतील रंजक पेटे आणि तो जाळ नळीच्या कानातून आतल्या बारापर्यंत पोहोचे. यांतील एक पायरी चुकली तरी बार फुकट जाई. पावसात तर रंजकच भिजे. स्कॉटिश धर्मोपदेशक अलेक्झांडर जॉन फोर्सिथ यांनी १८०७ मध्ये आघाताने पेटणाऱ्या स्फोटक द्रव्याचा वापर करण्याचे पेटंट घेतले. त्याच तत्त्वावर पुढे तांब्याची छोटी टोपी प्रचारात आली. १८३४ मध्ये इंग्लंडमधील वुलिच येथे दोन्ही प्रकारच्या बंदुकांचे प्रत्येकी ६,००० बार काढून पाहण्यात आले. चकमकीचे ९२२ बार फुकट गेले, टोपीचे केवळ ३६.

या आकड्यांचा अर्थ भारतीय शिपायांनी परदेशात अनुभवला. मे १८४१ मध्ये, पहिल्या अफू युद्धात, कँटनजवळील सान्युआनली येथे ३७ व्या मद्रास पलटणीची एक तुकडी मुसळधार पावसात वाट चुकली व तिला गावकऱ्यांनी घेरले. शिपायांच्या चकमकीच्या बंदुका भिजून निकामी झाल्या होत्या. त्यांची सुटका केली ती टोपीच्या बंदुका घेऊन धाडलेल्या ब्रिटिश मरीन सैनिकांनी.

अमेरिकेने ‘मॉडेल १८४२’ ही टोपीची बंदूक स्वीकारली, तेव्हा तिच्या शस्त्रागारांत स्प्रिंगफील्ड व हार्पर्स फेरी येथे घडविलेल्या चकमकीच्या बंदुका लाखोंनी पडून होत्या. त्या टाकून देणे कोणत्याच सरकारला परवडणारे नव्हते. म्हणून त्या बदलण्यात आल्या. सर्वांत स्वस्त पद्धतीत कान रुंद करून त्यात एक लहान पिंपासारखा तुकडा आट्यांनी बसवीत आणि त्यावर टोपी चढविण्याची बोंडी लावीत. सरकारी शस्त्रागारांनी मुख्यतः दुसरी पद्धत वापरली. तीत जुना कान बुजवून बोंडी थेट नळीच्या वरच्या अंगास बसविली जाई, पितळी वाटी कापून टाकली जाई आणि निरुपयोगी झालेली स्क्रूंची भोके बुजविली जात. तिसऱ्या पद्धतीत नळीचा मागील भागच नवा बसवीत. रेमिंग्टन कारखान्याने १८५० च्या दशकात कागदी फितीतून आपोआप टिकल्या सरकविणारे २०,००० खटके पुरविले. ही युक्ती एडवर्ड मेनार्ड या दंतवैद्याची!

संग्राहकांचा दृष्टिकोन

खटक्याच्या पट्टीवर कोरलेले वर्ष बंदुकीच्या घडणीचे असते, रूपांतराचे नव्हे. त्यामुळे अशा प्रत्येक बंदुकीची दोन वये वाचावी लागतात. १८४६-४८ च्या मेक्सिको युद्धातील अमेरिकी पायदळ बहुतांशी चकमकीच्या बंदुकांवर लढले. त्याच जातीच्या बंदुका टोपीच्या होऊन १८६१ च्या यादवी युद्धात दोन्ही पक्षांच्या हाती दिसतात. बुजविलेली भोके आणि कापलेली वाटी हीच या दुसऱ्या सेवेची साक्ष होय.

तथापि बाजारात न बदललेल्या बंदुकीस अधिक किंमत मिळते. परिणामी विसाव्या शतकात अनेक रूपांतरित बंदुकांना नवा घोडा, नवी वाटी व नवी पट्टी बसवून त्या पुन्हा चकमकीच्या करण्यात आल्या. पिंपाच्या पद्धतीच्या बंदुकीत हे काम तुलनेने सोपे. असा बदल जाहीर करून विकला तर तो फसवणूक ठरत नाही, असा युक्तिवाद केला जातो. खरेदीदारापुरता तो मान्य करता येईल. इतिहासाच्या साधनापुरता मात्र तो मान्य होण्यासारखा नाही, कारण या ‘जीर्णोद्धारा’त वस्तूवरील एक खरा कालखंड पुसून त्याजागी कारागिराची कल्पना बसते.

शिवाय त्यामागील गृहीतही तपासून पाहण्याजोगे आहे. चकमक म्हणजे आधीचा काळ आणि टोपी म्हणजे नंतरचा, अशी सरळ विभागणी रणांगणावर नव्हती. १९ जानेवारी १८६२ रोजी केंटकीतील मिल स्प्रिंग्ज येथे दक्षिणेच्या सैन्यातील अनेक जण चकमकीच्याच बंदुका घेऊन उतरले आणि पावसात त्या पेटल्या नाहीत. अस्सल, न बदललेली बंदूकही म्हणून यादवी युद्धाची असू शकते. ती तशी आहे की अलीकडे ‘परत’ केलेली आहे, हे ठरविण्यासाठी नळी दस्त्यापासून सुटी करून पाहावी लागते. वरच्या अंगास बुजविलेल्या भोकाचा डाग, कानात नव्याने बसविलेली पुडी आणि कानाभोवती रंजकाच्या जाळाने पडणाऱ्या खड्ड्यांचा अभाव, या खुणा रंगरंगोटीखालीही बहुधा टिकून राहतात.