बालन्यूमोनिया, प्रतिजैविके आणि गडचिरोलीचा प्रयोग : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

प्रतिजैविकांचा इतिहास सामान्यतः प्रयोगशाळा, औषध कारखाने आणि शहरी रुग्णालये यांच्या चौकटीत लिहिला जातो. शोध कोणी लावला व उत्पादन कोठे झाले, याची नोंद त्यात सविस्तर येते. परंतु ते औषध आजारी बालकाला कोणी द्यावयाचे आणि कोणत्या बालकाला द्यावयाचे नाही हे कोणी ठरवावयाचे, हा प्रश्न त्यात क्वचितच विचारला जातो. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या खापर परिसरात या प्रश्नाला विशेष अर्थ आहे. अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील डोंगरपाड्यांपासून रुग्णालयाचे अंतर मोठे आहे आणि न्यूमोनिया झालेल्या तान्ह्या बालकाच्या हाती वेळ थोडा असतो. या प्रश्नाचे महाराष्ट्रातील सर्वांत महत्त्वाचे उत्तर राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोली या आदिवासीबहुल जिल्ह्यात शोधले गेले. त्या प्रयोगाचा ऐतिहासिक आढावा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

औषधाची उपलब्धता व अधिकार :

अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1928 मध्ये पेनिसिलीनचा शोध लावला. अपुऱ्या मात्रेत औषध घेतल्यास जंतू त्याला दाद देईनासे होतात, असा इशाराही त्यांनीच 1945 मधील नोबेल व्याख्यानात दिला होता. स्वतंत्र भारतात 1954 मध्ये पुण्याजवळील पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने स्थापन झाला आणि 1955 मध्ये तेथे पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले. औषध देशात तयार होऊ लागले, तरी ते लिहून देण्याचा अधिकार कायद्याने डॉक्टरकडेच होता. जेथे डॉक्टर होता, तेथे ही तरतूद रुग्णाचे संरक्षण करणारी होती. जेथे डॉक्टरच नव्हता, तेथे तिचा परिणाम औषध न मिळण्यातच होत असे.

श्वासाची मोजणी :

ही कोंडी फोडण्यास एक साधे निरीक्षण उपयोगी पडले. पापुआ न्यू गिनीत फ्रँक शॅन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, खोकला असलेल्या बालकाचा श्वास किती जलद चालतो, यावरून न्यूमोनियाची शक्यता ओळखता येते. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने वयानुसार मर्यादा निश्चित केल्या : दोन महिन्यांखालील बालकात मिनिटाला 60, दोन ते बारा महिन्यांत 50 आणि एक ते पाच वर्षांत 40 किंवा त्याहून अधिक श्वास. या पद्धतीचे महत्त्व दुहेरी आहे. क्ष-किरण यंत्राविना न्यूमोनिया ओळखणे तिने शक्य केले. त्याच वेळी साध्या सर्दी-खोकल्याच्या बालकाला प्रतिजैविक देऊ नये, हा नियमही तिने घालून दिला.

गडचिरोलीचा प्रयोग :

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात 102 गावांत हे तत्त्व तपासले. त्यांपैकी 58 गावांत निमवैद्यकीय कर्मचारी, ग्राम आरोग्यसेवक आणि दाया यांना श्वास मोजून कोट्रायमोक्साझोल देण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. उर्वरित 44 गावे तुलनेसाठी होती. निरक्षर दायांना आकडेमोड अवघड जाई. त्यासाठी एका मिनिटाची वाळूची घडी व मण्यांच्या दोन ओळी असलेला 'श्वासमापक' तयार करण्यात आला. दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा, अशी त्याची रीत होती. 1990 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार उपचार मिळालेल्या न्यूमोनियाच्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण 0.8 टक्के, तर तुलनेच्या गावांत 13.5 टक्के होते.

नवजात बालकांचा प्रश्न याहून कठीण होता. 1993 ते 1998 या काळात 39 गावांत घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग झाला. पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक स्त्रियांनी जंतुदोषाची लक्षणे ओळखून जेंटामायसिनचे इंजेक्शन व कोट्रायमोक्साझोल दिले. उपचार सुरू होण्यापूर्वी जंतुदोषाच्या 163 रुग्णांत मृत्यूचे प्रमाण 16.6 टक्के होते. नंतरच्या 71 रुग्णांत ते 2.8 टक्क्यांवर आले. गावांची निवड यदृच्छ पद्धतीने झालेली नव्हती, ही या अभ्यासाची मर्यादा लक्षात ठेवावी लागते. तथापि फरकाचे परिमाण पाहता त्याचे महत्त्व कमी होत नाही.

धोरणाचा प्रवास :

2011 मध्ये केंद्र शासनाने गृहाधारित नवजात बालसेवा देशभर स्वीकारली आणि ती 'आशा' कार्यकर्तीकडे सोपविली. मात्र इंजेक्शन तिच्या हाती देण्यात आले नाही. 2014 मध्ये, बालकाला रुग्णालयात नेणे शक्य नसेल अशा विशिष्ट परिस्थितीत परिचारिकेला (एएनएम) जेंटामायसिन देण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षी 1 मार्चपासून 'एच-1' अनुसूची लागू होऊन अनेक प्रतिजैविकांच्या दुकानांतील विक्रीवर निर्बंध कडक झाले. एकाच वर्षातील हे दोन निर्णय परस्परविरोधी भासतात. वस्तुतः ते एकाच प्रश्नाची दोन अंगे आहेत.

दुसऱ्या अंगाचे गांभीर्य रुग्णालयांतच अधिक जाणवते. दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांत 2011 ते 2014 दरम्यान झालेल्या नवजात जंतुदोषाच्या अभ्यासात ॲसिनेटोबॅक्टर जंतूंपैकी 82 टक्के व क्लेबसिएला जंतूंपैकी 54 टक्के जंतू बहुऔषधप्रतिरोधी आढळले. याचा अर्थ, धोका केवळ अल्पशिक्षित सेविकेच्या हातातील औषधापासून नसतो. रक्ततपासणीचा अहवाल न पाहता सुरू ठेवलेले व जंतुदोष नसल्याचे दिसूनही न थांबविलेले औषध सुसज्ज कक्षातही तितकेच घातक ठरते.

समारोप :

औषधे काळाबरोबर बदलतात. बालन्यूमोनियासाठी कोट्रायमोक्साझोलची जागा आता अमोक्सिसिलीनने घेतली आहे आणि 2019 च्या 'सांस' मोहिमेत रुग्णालयात पाठविण्यापूर्वीची पहिली मात्रा देण्याची जबाबदारी 'आशा'कडे आली. परंतु गडचिरोलीच्या प्रयोगाचे मर्म विशिष्ट औषधात नव्हते. औषधाआधी मोजणी, मोजणीनंतर निर्णय आणि निर्णयानंतर पाठपुरावा, हा क्रम त्याने रूढ केला. पदवीपेक्षा नियमाचे पालन महत्त्वाचे ठरविल्यामुळेच निरक्षर दाईच्या हातीही प्रतिजैविक सुरक्षित राहू शकले.

प्रतिजैविकांच्या चर्चेत 'सर्वांना औषध' आणि 'औषधाला आळा' असे दोन पक्ष मानले जातात. हा इतिहास ती विभागणी मान्य करीत नाही. डोंगरपाड्यावरील बालकाला वेळेवर पहिली मात्रा मिळणे आणि त्याच बालकाला रुग्णालयात अनावश्यक मात्रा न मिळणे, या दोन्ही गोष्टी एकाच शिस्तीतून साध्य होतात. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात आरोग्यसेवेचा विस्तार होत असताना इमारती व खाटा यांच्याबरोबर या शिस्तीचाही विस्तार होणे आवश्यक आहे.