सूची आपली, पोथी बाहेरची

मंडळी, आज आपण ज्या शिक्रापुरात बसलो आहोत, तिथल्या चौकातून एक रस्ता चाकणला जातो, दुसरा नगरला. पाटीवर गावाचं नाव असतं, गाव नसतं. सूचीचा इतिहास आम्ही असाच बघतो.

श्रौतसूत्रकारांची एक रीत होती. मंत्र आपल्या शाखेच्या संहितेतला असेल, तर त्याचे पहिले दोन-चार शब्दच द्यायचे. त्याला प्रतीक म्हणतात. दुसऱ्या शाखेतला असेल, तर सबंध उतरवायचा. कारण शिष्याला आपली संहिता पाठ असे, परकी नसे.

प्रोग्रॅमची सूची करणारी साधनं, सीटॅग्जसारखी, आपल्या फायलींत कोणतं फंक्शन कुठे लिहिलंय ते सांगतात. पण प्रोग्रॅमर पावलोपावली स्टँडर्ड लायब्ररी वापरतो, आणि तिची माहिती असते बाहेरच्या ग्रंथात. तिथे सूची गप्प! डॉक्सिजनने यासाठी टॅग फायली काढल्या. २००८ साली आलेल्या स्फिंक्समध्ये इंटरस्फिंक्स ही सोय झाली: बाहेरचा ग्रंथच आपल्या नावांची, पत्त्यांची यादी प्रसिद्ध करतो, यादीच्या माथ्यावर आवृत्ती लिहितो, आणि आपलं साधन ती वाचून दुवा जोडतं.

आवृत्ती का लिहायची? हे समजायला पुण्याला भांडारकर संस्थेत चला. महाभारताच्या कलकत्ता प्रतीत श्लोकांचे आकडे पर्वभर सलग चालतात, मुंबई प्रतीत अध्यायागणिक पुन्हा एकपासून. सोरेन्सेन या डॅनिश पंडिताने महाभारतातल्या नावांची सूची केली, तेव्हा त्याला दोन्ही प्रतींचा मेळ घालणारं कोष्टक द्यावं लागलं. नुसतं ‘आदिपर्व, श्लोक अमुक’ म्हणून भागेना. मग १९१९ ला चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं, १९२५ ला सुकथनकर संपादक झाले, १९६६ ला ग्रंथ पुरा झाला. आकडे पुन्हा बदलले. एवढंच नाही, व्यास सांगतात आणि गणपती लिहितो ही घराघरांत ठाऊक असलेली कथा सुकथनकरांनी मूळ पाठातून काढून परिशिष्टात ठेवली. जुना संदर्भ घेऊन नव्या ग्रंथात शोधणारा माणूस रिकाम्या हाताने परततो. चूक संदर्भाची नाही हो, प्रत सांगितली नाही ही चूक. संस्थेने पुढे १९६७ पासून प्रतीकसूचीचे सहा खंड काढले. त्यात चरणाच्या आरंभावरून श्लोक सापडतो, पण पत्ता चिकित्सक आवृत्तीतलाच.

पायथॉनमध्येही गणपती निघालाच! डिस्टयुटिल्स नावाचा जुना भाग ३.१२ या आवृत्तीतून, म्हणजे २०२३ साली, काढून टाकला. सणसवाडी-रांजणगावच्या एखाद्या कारखान्यात ३.८ वर यंत्र चालत असेल आणि सूचीने ‘सर्वांत ताजी आवृत्ती’ असा दुवा दिला, तर रात्रपाळीच्या मुलाला हवं ते वर्णन मिळणार नाही. त्याला ३.८ चंच पान हवं. ताज्याचा हा सोस आम्हाला मुळीच पटत नाही. साधनाच्या सेटिंगमध्ये दुव्याच्या पत्त्यात ‘३’ असतो, तिथे ‘३.८’ लिहायचं. काम एवढंच आहे.