तणबीज-ओळख
बियांचा आकार, रंग, पृष्ठभाग आणि नाभीची खूण पाहून तणाची जात ठरविण्याची पद्धत. बीड जिल्ह्यात बालाघाटावर मांजरसुंबा परिसरात पावसाळी तणे उगवण्याआधीच ओळखता आली, तर शेतकऱ्याची एक खुरपणी वाचते.

पिवळ्या धोत्र्याचे बी इथे फार जपून पाहावे. ते मोहरीएवढेच, काळपट व गोल असते. पण तळहातावर घेऊन भिंगाखाली धरले की पृष्ठभागावर ठळक जाळी दिसते आणि एक टोक किंचित निमुळते असते. मोहरीचे बी त्यामानाने गुळगुळीत. धोत्र्याचे बी मोहरीत मिसळले गेले तर ती भेसळ जीवघेणी ठरते : १९९८ मध्ये दिल्लीत अशा भेसळीच्या मोहरीच्या तेलामुळे जलशोथाची साथ येऊन माणसे दगावली.

कुरडूचे बी काळे, चकचकीत, मसुरीसारखे चपटे. माठाचेही तसेच, म्हणून आकारमान पाहावे लागते. कुरडूचे सहसा थोडे मोठे असते. सराट्याचे काटेरी फळ अनवाणी पायालाच कळते. ज्वारीच्या मुळांवर जगणाऱ्या टारफुल्याचे बी मात्र धुळीसारखे, सुमारे ०.३ मिलिमीटर, ते भिंगाशिवाय ओळखू येत नाही आणि जमिनीत वर्षानुवर्षे जिवंत राहते.