वातीची वाट

दिवाळीच्या चार दिवसांत आपण ज्योतीकडे पाहतो, पणतीकडे पाहतो, तेल संपत आले की काय तेही पाहतो. वातीकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ती वाकली, काजळली किंवा तेलात बुडाली म्हणजे घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईने काडीने पुढे सारावी, एवढाच तिचा मान. प्रकाशाचा इतिहास लिहिणाऱ्यांनीही तिला याहून अधिक मान दिलेला नाही. त्यांनी दिव्यांची वर्णने केली, तेलांच्या व्यापाराचे आकडे दिले, विजेच्या आगमनाचे सोहळे रंगवले. परंतु दिवा आणि तेल यांच्यामधला खरा व्यवहार चालतो तो वातीत. प्रकाशाची एक तऱ्हा मागे पडून दुसरी पुढे आली, तिच्या मुळाशी पुष्कळदा वातीचीच अडचण होती. या कथेचा एक अध्याय आपल्या नागपूर-वर्ध्याच्या कापसाच्या मुलखात घडला आहे, आणि तो दिवाळीच्या निमित्ताने सांगण्यासारखा आहे.

आधी वातीचे काम काय ते पाहू. वात जळते असे आपण म्हणतो. पण तेलाचा पुरवठा नीट आहे तोवर ती फारशी जळतच नाही. कापसाच्या तंतूंमधल्या बारीक फटींतून तेल आपोआप वर चढते. फट जितकी बारीक, तितके ते अधिक उंच चढू शकते. जेम्स ज्यूरिन या इंग्रज वैद्याने १७१८ च्या सुमारास केसासारख्या बारीक काचनळ्यांवर प्रयोग करून हा नियम मांडला. वर आलेल्या तेलाची ज्योतीच्या आचेने वाफ होते, आणि जळते ती ही वाफ. वाफ होताना उष्णता खर्ची पडते, म्हणून ओला कापूस शाबूत राहतो. तेल कमी पडले की मात्र ही ढाल नाहीशी होते, कापूसच पेटतो आणि घरभर करपट वास सुटतो.

दुसरी अडचण काजळीची. तेल पुरते जळत नाही. त्यातला कोळसा वातीच्या टोकावर बसतो, फटी बुजवतो आणि तेलाची वाट अडवतो. ज्योत लहान होते, धुरकटते. धुराने काजळी आणखी वाढते. म्हणून वातीची निगा राखणे म्हणजे तिची वाट मोकळी ठेवणे. काजळी झाडणे, टोक कातरणे, वात सारणे ही कामे देखाव्याची नव्हेत. दिव्याचा श्वास त्यांवर अवलंबून असतो. एरंडेलाच्या दिव्यावर भांडे धरून डोळ्यांत घालायचे काजळ पाडणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांनी याच कोळशाचा उपयोग करून घेतला. वातीचा शत्रू डोळ्यांचा शृंगार झाला तो असा.

या बायकांना ज्यूरिन ठाऊक नव्हता. पण त्याचा नियम बोटांना ठाऊक होता. सरकी काढलेला कापूस पिंजावा, दुधाचा किंवा राखेचा हात लावून तो वळावा. तुपाच्या निरांजनाला फुलवात करावी, समईला लांब वात घालावी. पीळ फार घट्ट झाला तर तेल चढत नाही आणि फार सैल राहिला तर वात भसाभसा जळते, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. तेलाचीही पारख होती. जवसाचे तेल हवेत राहून चिकट होत जाते. रंगाऱ्याला तो गुण वाटतो, वातीला मात्र तो जाचतो. जुन्या सनदांतून देवस्थानांना दिवाबत्तीसाठी नेमणुका दिलेल्या आढळतात. व्यवहारात तर आपण ‘तेलवात’ असा एकच शब्द केला. तेलावाचून वात नाही आणि वातीवाचून तेल नाही, हे भाषेने केव्हाच ओळखले होते.

आता एक साधा प्रश्न. आपली पणती उथळ का? निरांजन बुटके का? समई पुरुषभर उंच असली तरी तिचे तेल अगदी वरच्या थाळीत, ज्योतीला खेटून का? कारण आपली तेले दाट. तिळाचे किंवा सरसूचे तेल रॉकेलच्या वीसपट आणि अधिकही दाट असते. एरंडेल तर शंभर पटींच्या पुढे जाते. असे तेल वातीतून वर चढते ते बोटभर, आणि तेही सावकाश. म्हणून ज्योत तेलाजवळ ठेवावी लागते. आपल्या दिव्यांचे घाट कारागिराच्या हौसेने सजले खरे, पण ते ठरवले वातीने.

युरोपातही हीच अडचण होती. तिथे मोहरीच्या जातीच्या बियांचे किंवा देवमाशाचे तेल जाळीत. १७८० मध्ये एमे आर्गां या स्विस गृहस्थाने नळीसारखी पोकळ, गोल वात काढली आणि पुढे तिच्यावर काचेची चिमणी आली. आतून-बाहेरून हवा मिळाल्यामुळे ज्योत कित्येक पटींनी उजळ झाली. पण दाट तेल तेवढ्या भराभर वर येईना. म्हणून तेलाची टाकी ज्योतीच्या बाजूला, तिच्याहून उंच टांगावी लागली, आणि त्या टाकीची सावली खोलीत पडू लागली. दिव्याखाली अंधार असतो. इथे तो शेजारीच आला! शेवटी कार्सेल या पॅरिसच्या घड्याळजीने १८०० साली दिव्याच्या बैठकीत चावीचे यंत्र बसवून तेल पंपाने वर चढवले. दिव्याला घड्याळासारखी चावी द्यायची, का, तर वातीला दाट तेल ओढवत नाही म्हणून.

खनिज तेलाने ही सारी खटपट एका फटक्यात मोडीत काढली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रॉकेल आले. ते पातळ, वातीतून वीतभर सहज चढणारे. टाकी खाली, ज्योत वर, मध्ये सुती पट्टीची वात आणि ती वर-खाली करायला एक दातेरी चाक. एवढ्यात कंदील झाला. रॉकेलने दाट तेलाला हरवले ते स्वस्ताईने, हे खरे. पण त्याआधी ते वातीवर जिंकले होते.

आपल्या मुलखात ते रेल्वेबरोबर पसरले. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली ती मुख्यतः कापसासाठी. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे सुरू झाली. वऱ्हाड-नागपूरचा कापूस मुंबईकडे आणि तिथून परदेशी जाऊ लागला, आणि उलट दिशेने रॉकेलचे डबे येऊ लागले. ‘रॉक ऑईल’चे रॉकेल झाले, ‘गॅसलाइट’चे घासलेट झाले. रिकाम्या डब्यांतून पाणी भरले जाऊ लागले, त्यांचे पत्रे झोपड्यांवर चढले. गावातल्या तेल्याच्या घाण्यावर मात्र दिव्याच्या तेलाचे गिऱ्हाईक उणे होत गेले.

घराघरांत एक नवे नित्यकर्मही सुरू झाले. तिन्हीसांजेच्या आधी कंदिलाच्या काचा राखेने पुसायच्या, वात सरळ रेषेत कातरायची, तिचे दोन्ही कोपरे किंचित गोल करायचे, नाहीतर ज्योतीला दोन शिंगे फुटून काच काळवंडते. हे काम बहुधा मुलीबाळींच्या वाट्याला येई. ज्यांना कंदील परवडत नसे, त्यांच्याकडे पत्र्याची चिमणी असे, बिनकाचेची, धुराची. ती कलंडली की आग लागे. पणतीतले तेल सांडले तर सहसा पेटत नाही, कारण पुष्कळ तापल्यावाचून त्याची वाफच होत नाही; रॉकेलला मात्र उन्हाळ्यातली ऊबही पुरते. पातळपणाचा गुण असा महागात पडे.

आता वर्ध्याकडे वळू. डिसेंबर १९३४ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी आपली वर्ध्याची बाग आणि घर त्यासाठी दिले. मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ त्या जागेला मगनवाडी हे नाव मिळाले. संघाचे चिटणीस होते जे. सी. कुमारप्पा, परदेशात शिकलेले हिशेबतज्ज्ञ आणि अर्थशास्त्री. त्यांचा विचार थोडक्यात असा: कोळसा आणि खनिज तेल म्हणजे साठा, उपसला की संपणारा, त्याच्यावरून राष्ट्राराष्ट्रांत भांडणे होणारच. झाड, बी, पाऊस, माणसाचे श्रम म्हणजे वाहता प्रवाह, दरवर्षी नव्याने येणारा. गावाने शक्यतो प्रवाहावर जगावे. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ या ग्रंथात त्यांनी हाच विचार विस्ताराने मांडला.

या तत्त्वज्ञानाची कसोटी लागली एका कंदिलात. मगनवाडीत रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा कंदील तयार झाला. त्याचे नाव मगनदीप. कडुनिंब, करंज यांसारख्या बियांची, खाण्यास न येणारी तेले दिव्याला वापरावी, म्हणजे गरिबाच्या ताटातले तेलही जाणार नाही आणि गावाचा पैसा रॉकेलपायी बाहेरही जाणार नाही, अशी त्यामागची दृष्टी. पण इथे जुनाच शत्रू आडवा आला. रॉकेलसाठी घडलेल्या कंदिलात तेल तळाशी आणि ज्योत वर. दाट तेल तितके चढणार कसे? ते चालवायचे तर तेल ज्योतीजवळ आणावे लागते, वात जाड आणि सैल ठेवावी लागते, आणि काजळी जास्त धरते म्हणून ती वरचेवर साफ करावी लागते. म्हणजे कंदिलाच्या काचेत पुन्हा पणतीच बसवायची!

मगनदीप घरोघर पोचला नाही. रॉकेलचा दिवा पेटवायला सोपा आणि निगेला हलका होता. दुसऱ्या महायुद्धात रॉकेलची टंचाई होऊन ते मापून मिळू लागले, तेव्हा कुमारप्पांच्या म्हणण्यातले तथ्य कित्येकांना पटले असेल. पण पुढे वीज आली आणि वातीचा प्रश्नच निकालात निघाला. तो प्रयोग म्हणून वेडगळ ठरतो काय? मला तसे वाटत नाही. साठा संपणारा आहे, हे आज सारे जग म्हणते. वर्ध्याच्या त्या वाडीत ते तेव्हाच एका वातीपाशी बसून तपासले जात होते. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते उघडलेले मगन संग्रहालय आजही वर्ध्यात आहे.

वात मात्र जगातून गेलेली नाही. ती एका अगदी अनपेक्षित ठिकाणी पुन्हा उगवली. होन लिक या चिनी औषधतज्ज्ञाने २००३ च्या सुमारास आजची विजेची सिगारेट पुढे आणली. तिच्या नंतरच्या घडणीत तारेच्या वेटोळ्यात कापसाची वात बसवतात. ग्लिसरीनसारखा दाट द्रव तीतून तारेपर्यंत येतो, तार तापते आणि वाफ होते. कच्च्या कापसावर नैसर्गिक मेणाचा थर असतो; तेलाला तो चालतो, पण असल्या द्रवासाठी कापूस आधी उकळून, धुऊन घ्यावा लागतो. आणि रोग? तेच दोन. द्रव पोचला नाही तर कापूस करपतो; गोड द्रवाची काजळी साचली तर वाट बुजते आणि वात बदलावी लागते. समईपाशी बसणाऱ्या आजीला हे यंत्र कळले नसते, पण त्याचे दुखणे तिने वासावरून ओळखले असते. अर्थात वात स्वच्छ केल्याने त्या व्यसनाचा अपाय जात नाही. आपल्या देशात २०१९ च्या कायद्याने या वस्तूचे उत्पादन, विक्री, आयात, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आहे, आणि ती योग्यच आहे.

आज नागपूरला कापसाचे संशोधन करणारी केंद्रीय संस्था आहे. १९७६ पासून ती इथे काम करते. एम्प्रेस मिलचे भोंगे मात्र थांबले, आणि कापूस पिकवणाऱ्या विदर्भाच्या शेतकऱ्याच्या चिंता संपलेल्या नाहीत. त्याच्या शेतातला मूठभर कापूस दिवाळीच्या पणतीपर्यंत येतो, तेव्हा तो काही त्याचे दैन्य फेडीत नाही. पण ज्या वस्तूसाठी या मुलखात रेल्वे आली, गिरण्या उभ्या राहिल्या आणि ज्या वस्तूपाशी एक मोठा विचार पारखला गेला, तिची ओळख निदान घरातल्या मुलांना असावी. यंदा पाकिटातल्या आयत्या वाती आणण्याऐवजी बोंडातला कापूस आणून त्यांना दोन वाती वळू द्याव्यात. पहिली बहुधा फार घट्ट होईल आणि मिणमिणेल. दुसरी नीट जमेल.