‘अमरावती स्ट्रेन’ नेमका काय होता?

फेब्रुवारी 2021. कोरोना ओसरला असं देशभर वाटत असताना अमरावती आणि अकोल्यात मात्र रुग्ण झपाट्याने वाढू लागले. 22 फेब्रुवारीला अमरावती शहर आणि अचलपुरात आठवड्याचा लॉकडाऊन लागला, अकोल्यातही निर्बंध आले. ‘अमरावती स्ट्रेन’ हा शब्द तेव्हाचाच. वऱ्हाडातल्या लोकांकडे संशयाने बघायला तेवढा पुरेसा होता.

राज्याच्या आरोग्य विभागाने त्याच सुमारास सांगितलं होतं की, तपासलेल्या नमुन्यांत परदेशी स्ट्रेन नाही. पण परदेशी नाही म्हणजे बदललेला नाही, असं थोडंच आहे?

कोरोना विषाणूची जनुकीय माहिती सुमारे 30 हजार अक्षरांची असते. तिची नक्कल होताना चुका होतात, म्हणजेच म्युटेशन. बहुतेक चुकांनी काही बिघडत नाही. मात्र विषाणू ज्या काट्यांनी आपल्या पेशीला चिकटतो, त्या स्पाइक प्रोटीनमधला बदल महत्त्वाचा ठरू शकतो. ई484क्यू हा असाच एक. स्पाइकच्या 484व्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी ग्लुटामिन आलं, एवढाच त्याचा अर्थ.

24 मार्चला केंद्राने जाहीर केलं की, महाराष्ट्रातल्या 15 ते 20 टक्के नमुन्यांत ई484क्यू आणि एल452आर हे बदल आहेत. लगेच ‘डबल म्युटंट’ हे नाव पडलं. नाव चुकीचंच, कारण बदल दोनपेक्षा जास्त होते.

बदल सापडला म्हणजे विषाणू घातक ठरला का? नाही. त्यासाठी जिवंत विषाणू वाढवून बघावा लागतो. आरटीपीसीआरमध्ये मेलेल्या विषाणूचे तुकडेही पॉझिटिव्ह येतात. म्हणून पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत (एनआयव्ही) रुग्णांच्या नमुन्यातला विषाणू माकडाच्या मूत्रपिंडापासून तयार केलेल्या ‘व्हेरो’ पेशींवर वाढवला गेला. कोव्हॅक्सिन घेतलेल्यांच्या रक्तातल्या अँटीबॉडीज त्याला निष्प्रभ करू शकल्या, पण जुन्या विषाणूच्या तुलनेत जोर कमी पडला. हॅमस्टरच्या फुप्फुसांचं नुकसान मात्र जुन्या विषाणूपेक्षा जास्त झालं.

यातही एक मेख आहे. व्हेरो पेशी इंटरफेरॉन बनवत नाहीत, म्हणजे विषाणूला पहिला अडसरच नसतो. तिथे जोमाने वाढलेला विषाणू गर्दीत तितक्याच वेगाने पसरेल, हे त्यावरून सांगता येत नाही. ते कळतं आठवड्यामागून आठवडे केलेल्या सिक्वेन्सिंगमधून.

आणि त्यातून निघालं वेगळंच. ई484क्यू असलेल्या प्रकाराला जागतिक आरोग्य संघटनेने 31 मे 2021 रोजी ‘कप्पा’ म्हटलं. दुसऱ्या लाटेत देशभर हाहाकार माजवला तो त्याच्या भावंडाने, ‘डेल्टा’ने. त्यात एल452आर होता, पण ज्यामुळे अमरावतीचं नाव गाजलं तो ई484क्यू नव्हता.