मागच्या आसनाचा इतिहास

मोटारसायकलच्या मागच्या चाकाच्या दोन अंगांना स्प्रिंगने वेढलेल्या ज्या तेलाच्या नळ्या असतात, त्यांचे मूळ इंग्रजी नाव भारदस्त आहे. आमच्या गॅरेजांनी ते कापून 'शॉकअप' केले, आणि माळव्यापासून कोकणापर्यंत तोच शब्द चालतो. साहित्याच्या पत्रिकेत या वस्तूने कशाला यावे, असे कोणी विचारील. परंतु उदयनगरसारख्या ठिकाणी तो प्रश्न फार वेळ टिकत नाही. देवास जिल्ह्याच्या दक्षिणेला विंध्याच्या डोंगरांत हे गाव आहे. इथून उत्तरेला माळव्याची काळी माती, पावसात फुगणारी आणि उन्हात भेगाळणारी, आणि तिच्याबरोबर वर-खाली होणारा रस्ता. दक्षिणेला नर्मदेच्या खोऱ्यात उतरणारी वळणे. या दोहोंवरून दुचाकीने प्रवास करणाऱ्याचे सुखदुःख त्या दोन नळ्यांवर अवलंबून असते. खरे म्हणजे त्याचे कमी, त्याच्यामागे बसणाऱ्या माणसाचे अधिक.

साध्या बैलगाडीचा आस साटीला थेट जखडलेला असे. हादरा जसाच्या तसा माणसापर्यंत पोहोचे. टांग्याखाली पोलादी पाट्यांची कमान आली तेव्हा प्रवासी थोडा सुखावला. मोटारसायकलने मात्र बराच काळ उलटी चाल केली. तिच्या पहिल्या पिढ्यांत मागचे चाक सांगाड्यात घट्ट बसवलेले असे आणि स्प्रिंगा असत त्या चालकाच्या खोगिराखाली. मागचा माणूस बहुधा सामानाच्या जाळीवर उशी टाकून बसे. ज्याच्या हाती मूठ, त्यालाच स्प्रिंग, असा तो न्याय होता.

हा न्याय बदलला तो दयाबुद्धीने नव्हे. 1948 च्या फेब्रुवारीत इंग्लंडातल्या कोलमोर कप या स्पर्धेत रॉयल एनफील्डने बुलेटचे नवे नमुने उतरवले. मागचे चाक हलत्या चिमट्यात धरलेले आणि दोन शॉकअपांवर तोललेले. अशा खडतर वाटेवर ताठ सांगाडाच बरा, असे तेव्हाचे जाणकार समजत. त्याच वर्षी इटलीत सॅन रेमो येथे झालेल्या सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत विजयी ब्रिटिश संघात बुलेटस्वार होते, आणि वाद मिटत गेला. स्प्रिंगचे पहिले काम चाक जमिनीला धरून ठेवण्याचे, शरीराला सुख देण्याचे नंतरचे, हे तेथे सिद्ध झाले. 1955 मध्ये मद्रास मोटर्सच्या सहकार्याने ही बुलेट भारतात बनू लागली. रेडिचचा मूळ कारखाना 1967 मध्ये बंद पडला. मद्रासचा चालू राहिला. शॉकअप बनवणारी गॅब्रिएल इंडिया ही कंपनी 1961 मध्ये मुंबईत सुरू झाली. पुढे नाशिकला तिचे दुचाकींचे शॉकअप बनू लागले. तिचा एक कारखाना आमच्या देवासलाही आहे.

शॉकअपच्या बुडाशी पायऱ्यांसारख्या खाचा असलेले एक कडे असते. बहुतेक गाड्यांत खाचा पाच. आकडीच्या पान्याने कडे फिरवले की स्प्रिंग आधीच थोडी दाबली जाते. आमच्या मते हे कडे म्हणजे कारखानदाराने दिलेली एक कबुलीच आहे: या गाडीवर किती माणसे आणि किती ओझे बसणार, हे मला ठाऊक नाही. दुर्दैव असे की, गाडी दुकानातून ज्या खाचेवर येते, त्याच खाचेवर बहुधा भंगारात जाते.

खाच वाढवल्याने स्प्रिंग कडक होते, हा समज सार्वत्रिक आहे आणि तो चुकीचा आहे. स्प्रिंगची ताकद तिच्या तारेत आणि वेढ्यांत असते. खाच फक्त ओझ्याने बसलेली गाडी पुन्हा वर उचलते. मोजमाप सोपे आहे. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन, मागचे चाक अधांतरी असताना, आसापासून वरच्या एखाद्या ठरावीक बिंदूपर्यंतचे अंतर घ्यावे. मग चालक, मागचा माणूस आणि सामान यांसह तेच अंतर पुन्हा मोजावे. दोहोंतला फरक शॉकअपच्या एकूण चालीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाइतका असावा. जुन्या क्लासिक 350 ची मागची चाल 80 मिलिमीटर, म्हणजे 20 ते 27 मिलिमीटर बसणे योग्य. सर्वांत वरच्या खाचेवरही गाडी याहून खाली बसत असेल, तरच जाड तारेची स्प्रिंग शोधावी. 2016 च्या हिमालयनला मागे एकच शॉकअप आणि चाल 180 मिलिमीटर. तिचे आकडे निराळे, हिशेब तोच.

स्प्रिंग धक्का साठवते. तो जिरवते ते तेल. बारीक छिद्रांतून ढकलले जाताना ते धक्क्याची उष्णता करते. लांबच्या खडबडीत वाटेवर तेल तापून पातळ होते, फेसाळते, आणि गाडी झोके घेऊ लागते. फ्रान्सच्या द कार्बों यांनी दाबाखालच्या वायूने हा फेस रोखण्याची युक्ती रूढ केली. आज नायट्रोजन भरलेले शॉकअप आपल्याकडे सामान्य झाले आहेत. बाजूला जोडलेली डबी खरी असेल तर तिच्यात जास्तीचे तेल आणि वायू मावतो. बाजारात मात्र नुसत्या शोभेच्या डब्याही मिळतात, आणि त्यांनाच गिऱ्हाईक अधिक. लांबी वाढवलेले शॉकअप तर अधिक घातक: मागची बाजू उचलली जाते, पुढचा चिमटा उभट होतो, साखळीचा ढिलेपणा बदलतो, आणि सरळ चालणारी गाडी वेगात चंचल होते.

तेल गळून गेलेली गाडी घाटाच्या उताराला सर्वांत धोक्याची. चाक उसळते, उसळलेले चाक ब्रेक धरत नाही. नर्मदेची परिक्रमा आता कित्येक मराठी जोडपी दुचाकीवर करतात. नेमावरचा काठ आमच्याच जिल्ह्यातला. तिकडे जाणाऱ्या गाड्यांवर पेट्या, पडशा आणि मागे एका अंगाला पाय सोडून बसलेली गृहिणी दिसते. तिचे सारे वजन आसाच्या जवळजवळ वर येते. पुढच्याला खड्डा दिसतो, तो रिकिबीवर उभा राहू शकतो. तिला खड्डा कळतो तो मणक्याला. म्हणून निघण्यापूर्वी ती आणि पेट्या गाडीवर असतानाच माप घ्यावे, दोन्ही बाजूंची खाच सारखी ठेवावी, आणि परतल्यावर पेट्या उतरल्या की कडे पुन्हा खाली आणावे.