विद्यापीठाच्या दारी केलेले अर्ज

गुंजवणे हे गाव राजगडाच्या अगदी पायथ्याशी वसलेले आहे. गडावर जाणारी मंडळी येथे घटकाभर टेकतात, पाणी पितात आणि चोरदरवाजाची वाट चढू लागतात. सुमारे पंचवीस वर्षे ज्या गडावरून शिवछत्रपतींनी स्वराज्याचा कारभार पाहिला, त्याच्या सावलीतील मुलींस पदवीच्या अखेरच्या वर्षी इतिहास हा विषय घेता येऊ नये, ह्याचे आम्हांस वैषम्य वाटते. ह्या भागातील आपल्या ज्ञातीच्या काही कन्यांनी ज्या महाविद्यालयात नाव घातले, तेथे तिसऱ्या वर्षास इतिहास शिकविला जात नाही. पुण्यास राहून शिकविण्याची ऐपत सर्वच घरांस नसते. तेव्हा त्यांनी एक अर्ज लिहिला व मास्तर म्हणून आमच्याकडे तपासावयास आणला. शुद्धलेखनाच्या चुका थोड्याच होत्या. परंतु असा अर्ज करणे उद्धटपणाचे दिसेल काय, अशी धास्ती मुलींच्या पालकांस वाटत होती. ती दूर व्हावी म्हणून हा लेखप्रपंच.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले व पहिली प्रवेशपरीक्षा, जिला पुढे सर्वजण मॅट्रिक म्हणू लागले, ती १८५९ साली झाली. तीत उत्तीर्ण झालेल्यांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. आरंभी विद्यापीठाच्या परीक्षांत देशी भाषांना स्थान होते. पुढे १८६० नंतरच्या काही वर्षांतच वरच्या परीक्षांतून मराठीची उचलबांगडी झाली आणि संस्कृत, लॅटिन आदी अभिजात भाषा तेवढ्या राहिल्या. मराठीत पदवीस योग्य असे ग्रंथच कोठे आहेत, असा आक्षेप होता. आक्षेप घेणारे सगळेच दुष्ट होते असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्या भाषेत परीक्षा नाही तीत पाठ्यग्रंथ कोण लिहिणार, हे त्यांस सुचले नाही खरे.

रानड्यांनी ह्या आक्षेपास उत्तर कसे दिले ते पाहण्यासारखे आहे. त्यांनी नुसता संताप केला नाही, ग्रंथ मोजले. १८६४ पर्यंत मराठीत काय छापले गेले त्याचा आढावा त्यांनी तरुणपणीच घेतला होता. पुढे उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती असता, १८९८ साली, मराठी वाङ्मयाच्या वाढीवर त्यांनी इंग्रजीत टिपण लिहिले आणि विद्यापीठाच्या सभासदांपुढे आपली बाजू मांडली. एकदा यश आले नाही म्हणून त्यांनी पिच्छा सोडला नाही. १६ जानेवारी १९०१ रोजी ते निवर्तले आणि त्याच वर्षी एम. ए. च्या अभ्यासक्रमात देशी भाषांचा शिरकाव झाला. ज्या परीक्षेत पूर्वी मराठी होती तीत ती परत आणण्यास इतक्या मोठ्या माणसास इतकी वर्षे लागली, हे आमच्या मुलींनी ध्यानात ठेवावे.

परंतु ह्याहूनही आम्हांस जवळचे वाटते ते महात्मा जोतीराव फुले ह्यांचे निवेदन. हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी ते सादर केले. त्यावर १९ ऑक्टोबर १८८२ ही तारीख आहे. शेतकऱ्याच्या पैशाने सरकारची तिजोरी भरते आणि शिक्षण मात्र वरच्या वर्गास मिळते, हे त्यांचे मुख्य गाऱ्हाणे पुष्कळांस ठाऊक आहे. प्राथमिक शाळेत काय शिकवावे ह्याची यादीही त्यांनी दिली: मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण ह्यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती व आरोग्य. (मोडी शाळेतून गेली आणि आज आजोबांचा जमिनीचा कागद नातवास वाचता येत नाही, हे जाता जाता सांगितल्यावाचून राहवत नाही.)

त्याच निवेदनात विद्यापीठाविषयी एक मागणी आहे, तिच्याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. प्रवेशपरीक्षेस घरी अभ्यास करून बसता येत असे. ही सवलत बी. ए., एम. ए. पर्यंत वाढवावी, कारण अनेकांस नाना कारणांनी महाविद्यालयात जाणे अशक्य असते. असे केल्याने विद्येचा प्रसार होईल आणि उच्च शिक्षणावरील सरकारी खर्चही कमी होईल, असे जोतीरावांचे म्हणणे होते. लंडन विद्यापीठाने बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी पदवी परीक्षांचे दार १८५८ सालीच उघडले होते, म्हणजे मागणी काही जगावेगळी नव्हती. महाराष्ट्रात घरी राहून शिकणारांसाठी स्वतंत्र मुक्त विद्यापीठ नाशिकास निघाले ते १९८९ साली, त्या निवेदनानंतर १०७ वर्षांनी. आमच्यासारख्या मॅट्रिकवर अडलेल्या मास्तरास ह्या आकड्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

आता आपल्या भागाकडे वळू. राजगड व तोरणा हे दोन्ही किल्ले भोर संस्थानात होते. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि १९४९ साली पुणे विद्यापीठ सुरू झाले. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर हे त्याचे पहिले कुलगुरू. २०१४ साली त्या विद्यापीठास सावित्रीबाई फुले ह्यांचे नाव दिले गेले. आमच्या मुलींचा अर्ज जावयाचा आहे तो ह्याच विद्यापीठाकडे, आणि ह्या योगायोगाने आम्हांस समाधान होते.

मात्र रीत समजून घेतली पाहिजे. विद्यार्थ्यांनी विषय मागितला आणि विद्यापीठाने दिला, इतके ते सोपे नाही. महाविद्यालयाने स्वतः रीतसर प्रस्ताव करावा लागतो. शिक्षक, ग्रंथालय, खोल्या ह्यांची तयारी दाखवावी लागते. मग विद्यापीठ पाहणी करते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ अन्वये कोठे कोणत्या शिक्षणाची सोय हवी ह्याचा बृहत् आराखडा विद्यापीठास करावा लागतो. तेव्हा अर्जाच्या दोन प्रती हव्यात, एक प्राचार्यांस व एक विद्यापीठास. त्यात रानड्यांप्रमाणे मोजणी हवी: पहिल्या दोन वर्षांत इतिहास घेणारे विद्यार्थी किती, त्यांपैकी तिसऱ्या वर्षी विषय बदलणारे किती, शिक्षण सोडणारे किती, कोणत्या गावाहून किती अंतर यावे लागते. मुलींच्या पहिल्या मसुद्यात विनंती फार होती, आकडा एकही नव्हता. आम्ही तो परत दिला. दुसरा मसुदा त्यांनी घरोघर फिरून केला आणि तो आमच्यापेक्षा चांगला उतरला आहे.

अर्जाची प्रत मंडळाच्या कार्यवाहांकडे ठेविली आहे. इतर ज्ञातींच्या मुलामुलींच्या सह्याही तीत आहेत व त्या असाव्यात असा आमचा आग्रह होता, कारण वर्ग भरतो तो सर्वांचा मिळून. ज्या पालकांची मुले पुढील वर्षी तिसऱ्या वर्षात जातील, त्यांनी स्नेहसंमेलनाच्या दिवशी भोजनापूर्वी सही करावी. पेन सोबत आणावे. गेल्या खेपेस मंडळाची तीन पेने परत आली नाहीत.